‘अंधाधुन’: आकाशला शेवटी दिसतं का? बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ ५ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. इतकी वर्षं झाली, पण आमच्या गल्लीत गणपतीची रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मंडपामागे खुर्च्या ओढल्या गेल्या की कुणीतरी हा विषय काढतंच. मग एक वाजला तरी माणसं उठत नाहीत. खानापूरहून आलेला पाहुणा एक बाजू धरतो, निपाणीची आत्या दुसरी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. यात माझं मतही आहे आणि ते मी लपवलेलं नाही.

सिनेमा बघितला नसेल तर हे वाचू का?

नको. आधी बघा. खाली सगळंच फोडलेलं आहे.

बघून बरीच वर्षं झाली. शेवटी काय होतं ते एकदा सांगा.

पुण्यात राहणारा आकाश हा पियानो वाजवणारा तरुण आंधळा असल्याचं सोंग करतो. सत्तरच्या दशकातला नट प्रमोद सिन्हा लग्नाच्या वाढदिवसाला त्याला घरी वाजवायला बोलावतो. आकाश तिथे पोचतो तेव्हा प्रमोद मरून पडलेला असतो आणि बायको सिमीचा मित्र मनोहर न्हाणीघरात दडलेला असतो. आकाशला सगळं दिसतं, पण दिसत नाही असं दाखवत त्याला वाजवत राहावं लागतं. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जावं, तर समोर तोच मित्र इन्स्पेक्टरच्या वर्दीत. पुढे सिमी त्याला प्रसादातून काहीतरी खायला घालते आणि सोंग खरं होतं, तो आंधळा होतो. मग अवयवांचा धंदा करणारा डॉक्टर स्वामी, रिक्षावाला मुरली आणि लॉटरीची तिकिटं विकणारी सखू मावशी. सगळे एकमेकांना फसवत जातात. शेवटी सिमीला गाडीच्या डिकीत टाकून स्वामी आणि आकाश निघतात. स्वामीचा बेत असा, की सिमीचा रक्तगट दुर्मीळ आहे, तिचं यकृत दुबईतल्या श्रीमंताच्या मुलीला द्यायचं आणि तिच्या डोळ्यांचे पडदे आकाशला बसवायचे.

गाडी रस्त्यावर असतानाच गोष्ट दोन वर्षं पुढे उडी मारते. पोलंडमधलं क्राकोव शहर. जुनी मैत्रीण सोफीला आकाश तिथे भेटतो आणि पुढचं सांगतो: मी नको म्हणालो, सिमीने डॉक्टरला मारलं, गाडी ताब्यात घेतली, मला खाली उतरवलं, मग अंगावर घालायला परत आली, तेवढ्यात शिकाऱ्याच्या गोळीला भ्यालेला ससा काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी मेली. सोफी म्हणते, तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. आकाश निघतो. त्याच्या काठीची मूठ सशाच्या तोंडाची आहे. वाटेत पत्र्याचा डबा पडलेला असतो. काठीच्या एका फटक्यात तो डबा उडवतो. संपलं.

मग त्याला दिसतं, हे पक्कं?

माझ्या मते पक्कं. त्याचं कारण मी घरात बघितलं आहे.

माझी एक मावशीआजी शेवटची अकरा-बारा वर्षं काहीच न दिसता जगली. घर खानापूर तालुक्यातलं: पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परसात विहीर. तिच्या हातातली काठी कधी कशावर आपटली नाही. ती जमिनीवर डावीकडे टेकायची, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तांदूळ निवडताना बोटं फिरतात तशी हलकी. वाटेत तांब्या लागला की काठी तिथेच थांबायची. मग ती वाकून हाताने चाचपायची, उचलायची आणि बाजूला ठेवायची. न दिसणाऱ्या माणसाची काठी आधी विचारते, हे मी रोज बघत होतो.

आकाशची काठी त्या डब्याला काहीच विचारत नाही. नेम धरून मारल्यासारखा तो फटका आहे. डबा कुठे आहे हे कळल्याशिवाय असा फटका बसत नाही.

याला विरोध करणारे म्हणतात, की काठीला आधी डबा लागला असेल आणि चिडून मारला असेल. ही शंका मी मान देऊन ऐकतो. पण मग दिग्दर्शकाने शेवटचं चित्र म्हणून तेच का निवडलं असतं?

आणि ससा? तो तर पहिल्याच दृश्यात दिसतो. म्हणजे आकाश खरंच बोलतो ना?

सगळ्यात कठीण प्रश्न हाच, आणि भांडण पेटतं तेही इथेच.

सिनेमा उघडतो तो कोबीच्या शेतात. एका डोळ्याने अधू असलेला ससा आणि त्याच्या मागे बंदूक घेतलेला माणूस. मग गाडी आदळल्याचा आवाज. आकाशची गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हे आपण बघितलेलं असतं. म्हणून ‘ससा खरा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की हे दिग्दर्शकाने दाखवलं आहे, आकाशने सांगितलेलं नाही, तेव्हा ते खोटं कसं?

कडोलीकडे आमच्या नात्यातल्यांचं कोबीचं रान आहे. बेळगावच्या आसपासचा कोबी, फ्लॉवर रोज गोव्याला जातो हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे पाणी सोडायला गेलं की वाफ्याच्या कडेला ससा दिसतो. कान उभे, अंग आखडून बसलेला. चाहूल लागली की तो सरीतून नागमोडी पळतो आणि बांध ओलांडून दिसेनासा होतो. शेतातून उठलेला ससा रस्त्यावर झेपावणं अशक्य नाही. तो नेमका काचेवर, नेमका त्याच क्षणी आदळेल, एवढा मोठा योगायोग मात्र सिनेमा आपल्याला मुद्दाम गिळायला देतो आहे असं मला वाटतं.

त्याहून मोठा मुद्दा वेगळा आहे. आकाश त्या वेळी आंधळा होता, असं तोच सांगतो. मग काचेवर ससाच आदळला हे त्याला कुठून कळलं? शिकारी होता, त्याचा नेम चुकला, हे कोणी सांगितलं? शिकारी धावत आला आणि त्याने सांगितलं, असं म्हणता येईल. पण सिनेमात तसं कुठेही नाही. हातातल्या काठीवर मात्र ससा आहे. मुठीवर बोटं ठेवून बसलेल्या माणसाला गोष्टीत ससा आणायला किती वेळ लागतो?

म्हणजे अख्खा सिनेमाच आकाशने रचलेली गोष्ट आहे?

एवढं टोक मी गाठत नाही. आकाश जिथे नाही तिथलेही कितीतरी प्रसंग आपण बघतो. इन्स्पेक्टर मनोहर लिफ्टमध्ये अडकतो आणि स्वतःच्याच गोळीने मरतो, तिथे आकाश कुठे होता? मनोहरच्या घरातले नवरा-बायकोचे खटके त्याला कोणी सांगितले? ते सगळं रचलेलं मानलं तर मग कशालाच धरून बोलता येणार नाही. खोटं आहे ते गाडीतल्या शेवटच्या तुकड्यात, असं मी धरतो. तिथेच साक्षीदार कोणी उरलेला नाही.

दुसऱ्याचे डोळे बसवून असं दिसू लागतं का? आमच्या घरात नर्स आहे, ती म्हणते सगळं खोटं.

तुमच्या घरातल्या ताईंचं बरोबर आहे, पण अर्धं.

अख्खा डोळा बसवून अजून कुणालाच दिसू लागलेलं नाही. बदलतात तो डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, त्याला आपण कॉर्निया म्हणतो किंवा बुबुळावरचा पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवण्याची सहसा गरज पडत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत तो काढून घ्यावा लागतो. जिवंत माणसाचा काढणं हा गुन्हाच आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आपल्याकडे १९९४पासून आहे.

आता दोन गोष्टी निघतात. पहिली: दुर्मीळ रक्तगटाची अट यकृतासाठी लागते, आकाशच्या डोळ्यांसाठी नाही. त्याला कोणाचाही पडदा चालला असता, रीतसर नेत्रदानातला चालला असता. तरी स्वामी सिमीचाच देऊ करतो, कारण तिनेच याचे डोळे घेतले. तो सौदा हिशेब चुकता करण्याचा आहे. दुसरी गोष्ट ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने जाते आणि ती मी प्रामाणिकपणे नोंदवतो: विषाने जर डोळ्यामागची नस मारली असेल, गावठी विषारी दारूने मारते तशी, तर पुढचा पडदा बदलून काहीही उपयोग नाही. सिमीने नेमकं काय दिलं ते सिनेमा सांगत नाही. डॉक्टर मंडळींनी वाद घालावा तो या मुद्द्यावर.

सुरुवातीला यकृताबद्दलची जी ओळ येते ती कशासाठी?

आयुष्य म्हणजे काय, तर ते ‘लिव्हर’वर अवलंबून आहे, अशी ती ओळ. इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ लागतात: यकृत आणि जगणारा. पहिल्यांदा बघताना गंमत म्हणून सोडून दिलेली असते. सिमीच्या यकृताचा सौदा निघतो तेव्हा कळतं, की शेवट पहिल्याच पाटीवर लिहिलेला होता.

तुमच्याकडची ती तिसरी थिअरी काय आहे?

ती मांडली आमच्या गल्लीतल्या एका बारावीच्या मुलीने. दोन वर्षं झाली, मी अजून त्या थिअरीवर विचार करतो आहे.

तिचं म्हणणं असं: ससा खरा, अपघात खरा, सिमी मेली तेही खरं. खोटं एवढंच, की डॉक्टर मेला. डॉक्टर जिवंत होता. सिमी शुद्धीवर येऊन गाडी घेऊन पळाली, अपघात झाला आणि सहा तासांच्या आत डॉक्टरने तिच्या डोळ्यांचे पडदे काढून आकाशला बसवले. यकृत गेलं, दुबई गेली, पैसे गेले, डोळे तेवढे मिळाले. म्हणजे पहिलं दृश्यही खरं राहतं आणि शेवटचा डबाही.

फार सुरेख बांधलेली आहे. ससा आणि डबा यांतला एक खोटा ठरवावा लागत नाही, हे दुसऱ्या कुठल्याही थिअरीला जमलेलं नाही. मंडपात त्या रात्री सगळे गप्प झाले होते. एका काकांनी तर उठून तिला हातातला लाडू दिला.

तरी ती मला पुरी पटत नाही. असं घडलं असतं तर आकाशच्या हातून खून झालेलाच नाही. एक बाई अपघातात मेली आणि तिच्या डोळ्यांनी याला दिसू लागलं. बेकायदा आहे, पण मैत्रिणीला सांगता येणार नाही इतकं काळं नाही. मग तो सोफीपासून लपवतो कशाला?

खरंच, लपवतो कशाला? सोफी तर स्वतःच म्हणते डॉक्टरचं ऐकायला हवं होतं.

मला या सगळ्यात बोलायचं आहे ते याच्यावर. दिसतं की नाही यावर आपण रात्र रात्र भांडतो आणि हा प्रश्न बाजूला पडतो.

सोफी त्याला क्षमा करायला तयार असते. नुसती तयार नव्हे, तिने आधीच केलेली असते. तू ते डोळे घेतले असतेस तरी चाललं असतं, असंच ती सांगते आहे. त्या टेबलावर त्याला एवढंच म्हणायचं होतं, की हो, घेतले. तिने पाठ फिरवली नसती. आणि तो म्हणत नाही. काळा चष्मा तसाच, काठी तशीच.

पहिल्यांदा सोफी दुरावली तेव्हाही हेच झालं होतं. ती त्याच्या जवळ आली ती त्याच्या आंधळेपणामुळे नव्हे. पण शेजारच्या बंडूने काढलेला व्हिडिओ तिच्या हाती पडला, याला दिसतं हे कळलं आणि ती तुटली. तिने त्याला सोडलं ते खोटेपणासाठी. दोन वर्षांनी ती पुन्हा समोर बसते आणि तो पुन्हा तेच खोटं तिच्यापुढे मांडतो.

सोंगाला एक सवय असते. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, की बहुरूपी पोलिसाच्या वेषात गावातून फिरून झाल्यावर वेशीबाहेर टोपी काढून बसायचा, घाम पुसायचा आणि मग त्याच्याशी त्याच्या नावाने बोलायचं. आकाशला ती वेस सापडलेली नाही. सुरुवातीला तो कलेसाठी सोंग करतो, न बघता वाजवलं तर सूर जास्त ऐकू येतील म्हणून. मग सोय म्हणून करतो. मग जीव वाचवायला करतो. क्राकोवमध्ये यांतलं एकही कारण उरलेलं नाही, तरी तो करतो. त्या डब्याला फटका बसतो तेव्हा मला दरवेळी वाईट वाटतं ते याचं, की सोफी जाईपर्यंत तो थांबला.

सिमी जन्मतःच दुष्ट आहे का?

नाही, आणि तब्बूने ते फार बारकाईने केलं आहे. पहिल्या मृत्यूच्या वेळी ती हादरलेली दिसते. शेजारच्या म्हाताऱ्या डिसाबाईंना वरून ढकलते तेव्हा हात थरथरत नाहीत. आकाशला प्रसाद देताना तर चेहऱ्यावर घरच्या बाईची माया असते. खेकडे करण्याचा प्रसंग आठवा: आधी फ्रीजरमध्ये ठेवायचे, सुस्त झाले की उकळत्या पाण्यात. कारवार-गोव्याचे खेकडे आमच्याकडे घरोघरी होतात, त्यामुळे इथल्या बायकांना त्या बोलण्यात वावगं काहीच वाटत नाही. भीती वाटते ती दुसऱ्यांदा बघताना.

प्रमोद सिन्हाची जुनी गाणी आणि फोटो खरे आहेत का?

हो. प्रमोदचं काम करणारे अनिल धवन हे सत्तरच्या दशकात खरोखरच नायक होते. त्यांचा ‘पिया का घर’ (१९७२) म्हणजे आपल्या ‘मुंबईचा जावई’ची हिंदी आवृत्ती. आमच्या वडिलांच्या पिढीला प्रमोदच्या मरण्याचा धक्का जास्त बसतो तो यामुळे.

सखू मावशी, दाणी, मनोहरची बायको रसिका, बंडू यांचं पुढे काय झालं?

सिनेमा सांगत नाही. दाणीचं, म्हणजे प्रमोदच्या मुलीचं, मला सगळ्यात लागतं. बाप गेला, सावत्र आई नाहीशी झाली आणि वडिलांना कोणी मारलं हे तिला कोणी सांगितलं की नाही, तेही कळत नाही. आकाशला माहीत होतं. युरोपला जाण्यापूर्वी तो तिला भेटला का? असं एकही दृश्य नाही.

सखूबद्दल इथे एक वेगळी अडचण येते. कर्नाटकात लॉटरी २००७पासून बंद, त्यामुळे आमच्या तरुण पोरांना ‘ही बाई विकते तरी काय’ हे समजावावं लागतं. महाराष्ट्रात ती तिकिटं चालतात. मोठ्या बक्षिसाची आशा दुसऱ्यांना रोज विकणारी बाई स्वतः एक कोटीच्या आशेला लागते, हे छाया कदम यांनी नुसत्या नजरेतून दाखवलं आहे. मुरलीला गोळी लागल्यावर तिची वाट कुठे जाते, यावर कुणीतरी स्वतंत्र गोष्ट लिहावी असं मला मनापासून वाटतं.

बंडूचं एवढंच सांगतो: तो व्हिडिओ पोलिसांनी मागितला असता तर आकाश सापडला असता. लहान मुलाला कोणी काही विचारलं नाही.

हा फ्रेंच सिनेमाची नक्कल आहे म्हणतात?

नक्कल नव्हे, रूपांतर, आणि ते लपवलेलं नाही. मूळ आहे २०१०चा फ्रेंच लघुपट ‘ल अकॉर्दर’, म्हणजे पियानो जुळवणारा. तो राघवन यांना सुचवला हेमंत राव यांनी, ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’ हा कन्नड सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शकाने. ‘अंधाधुन’च्या लेखकांत त्यांचं नाव आहे. पुण्यात घडणारी गोष्ट, मराठी तोंडवळ्याची माणसं आणि त्यामागे एक कन्नड माणूस. आमच्या बैठकीत शेजारच्या गल्लीतले कन्नड मित्र हे अभिमानाने सांगतात आणि आम्हालाही ते सांगायला आवडतं. २०१९मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत रूपांतरित पटकथेचा पुरस्कार या चमूला मिळाला, शिवाय उत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि आकाशचं काम करणाऱ्या आयुष्मान खुराना यांना अभिनयाचा.

‘अंधाधुन’ की ‘अंधाधुंद’?

‘अंधाधुन’च. अंधाधुंद गोळीबारातला ‘अंधाधुंद’, आंधळ्यातला ‘अंध’ आणि सुरांची ‘धुन’, तिन्ही त्यात ऐकू येतात.

पुन्हा बघायचा आहे. लक्ष कुठे ठेवू?

प्रेत हलवताना आकाश वाजवतो त्या प्रसंगात आवाज वाढवा आणि त्याची बोटं बघा. खुराना यांनी पियानो शिकून घेतला होता. समोर जे चाललंय त्याने बोटं कुठे अडखळतात का, ते शोधा. सिमी घरी येते तेव्हा प्रसादाच्या पेढ्यावर नजर ठेवा, कॉफीच्या कपावर नको. सगळे कपाकडे बघत बसतात. आणि शेवटी क्राकोवला पोचलात की सोफीच्या बोलण्यावर त्याचा चेहरा बघा. ती डॉक्टरचं नाव काढते आणि त्याचं उत्तर येतं, त्या मधल्या क्षणात. मी तिथे रिमोट दाबून थांबवतो आणि शेजारी बसलेल्याला विचारतो, आता हा सांगणार होता की नव्हता?